हे पत्र फेअर केलेलं नाही

इंदूर, रविवार रात्र

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम.

दादा उद्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला निघतोय, त्याच्या हाती हे पाठवते. सोबत लसणाची शेव, दोन पाकिटं, आणि तुझा निळा स्वेटर. फोनवर तू म्हणालीस, "आई, वचनं ऐकवू नकोस," म्हणून फोन करत नाही. कागद निदान नको वाटला की घडी घालून ठेवता येतो.

परवा रात्री 3:12 ला तू ऑनलाइन होतीस. मी पाळत ठेवत नाही. पप्पांना खोकल्याची उबळ आली, पाणी द्यायला उठले, तेव्हा दिसलं. नाइट तर नव्हती ना तुझी? असो. झोपेबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे.

त्या सलाइनचं तू सांगितलंस तेवढंच मला माहीत. तुझ्या हातून दोन बेडच्या बाटल्यांची अदलाबदल झाली, दहा मिनिटांत दुसऱ्या सिस्टरच्या लक्षात आलं, तिनं ड्रिप बंद केली आणि इन्चार्जला सांगितलं. पेशंट दोन दिवसांनी आपल्या पायांनी घरी गेला. तुला लेखी खुलासा द्यावा लागला. याला आता महिना होईल. तू त्या सिस्टरशी बोलत नाहीस, चर्चला जात नाहीस, आणि प्रभुभोजनाची भाकर अन् प्याला घ्यायची माझी लायकी नाही म्हणतेस. वर मला विचारलंस, "तू कधी चुकलीस का, तुला काय कळणार?"

पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, किशोरकुमार आपल्या ख्रिश्चन कॉलेजच्या कँटीनची उधारी ठेवून मुंबईला गेला म्हणतात, आणि इंदूर अजून ते कौतुकानं सांगतं, तिला म्हणावं एवढं मनाला लावून घेऊ नको. त्यांचं असंच. उधारी आणि सलाइन एक का?

पण तुझा प्रश्न पोळ्या लाटतानासुद्धा डोक्यातून जात नाही. तुला असं वाटावं याची व्यवस्था मीच केली ना! आठवीत तुला हॉस्टेलला ठेवलं तेव्हा तुझं पहिलं पत्र आलं, "आई मला इथे करमत नाहि." मी लाल पेननं तो 'हि' दीर्घ केला, खाली आणखी चार चुका काढल्या, आणि पत्र परत पाठवलं. उत्तर वेगळ्या कागदावर होतं, मायेनंच लिहिलं होतं, पण त्याच पाकिटात ते लाल झालेलं पत्रही होतं. तुझ्या पुढच्या पत्रात एकही चूक नव्हती. करमत नाही, हेही नव्हतं. मी ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवलं.

आता दुसरं. हे पप्पांनाही माहीत नाही. 2006 च्या नाताळात संडे स्कूलच्या वर्गणीतली पाचशेची नोट कमी भरली. मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा, अकरा वर्षांचा, तू ओळखतेस. मी सगळ्या वर्गासमोर त्याला खिसे उलटे करायला लावले. एक गोटी आणि कागदात गुंडाळलेली तिळाची अर्धी गजक निघाली. गजक त्यानं बाकावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता उभा राहिला. जानेवारीत नोट माझ्याच बायबलमध्ये सापडली, स्तोत्रांच्या पानांत. मी ती गुपचूप पेटीत टाकली आणि हिशोब जुळला म्हणून सांगितलं. उन्हाळ्यात ते लोक देवासला गेले. देवास इथून तासाभरावर. मी गेले नाही.

त्यानंतर एकाही पहिल्या रविवारचं प्रभुभोजन मी चुकवलेलं नाही. आता बोल लायकीबद्दल.

तू पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातल्या 'अयोग्य प्रकारे ही भाकर खाणारा दोषी ठरेल' यावर अडकली आहेस, मला माहीत आहे, तुझ्या आजीचंही तेच. पण लगेच पुढे काय आहे ते बघ. माणसानं स्वतःला पारखावं आणि मग त्या भाकरीतून खावं. पारखावं आणि घरी जावं, असं नाही लिहिलेलं. मी मात्र खायचं तेवढं खात आले आणि पारखण्याचं काम तुझ्या वह्यांवर केलं. कुसळ-मुसळाचा धडा मीच शिकवायचे वर्गाला, हातवारे करून!

बघ, आलंच वचन. माफ कर. पण मार्काचं सांगू दे, मग गप्प बसते. तो पौल आणि बर्णबाबरोबर सुवार्तेच्या फेरीवर निघाला होता, पण पंफुल्यातून पौलाला सोडून घरी परतला. पुढच्या फेरीला बर्णबा म्हणाला त्याला घेऊ, पौल म्हणाला मुळीच नाही. दोघांचं इतकं बिनसलं की बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला आणि पौल सीलाला घेऊन निघाला. दोघंही देवाचीच माणसं हं. आणि तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना तोच पौल म्हणतो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत काय झालं, कोण कुणाशी आधी बोललं, काही लिहिलेलं नाही. मला तेच आवडतं. त्याच पत्रात पौल त्रोवसला राहिलेला झगा मागवतो आणि हिवाळ्यापूर्वी ये म्हणतो. एवढा मोठा प्रेषित, त्यालाही थंडी वाजायची. स्वेटर घालत जा.

त्या सिस्टरनं वर सांगितलं, बरोबरच केलं. बोलली असेल तिखट. तिच्या जागी मी असते तर लाल पेन काढलं असतं. तिला लगेच मिठी मारायला सांगत नाही, शेवेचं एक पाकीट तिला दे. दोन त्यासाठीच आहेत.

पप्पा अख्ख्या मोहल्ल्यात आमची मुलगी आयसीयूत आहे म्हणून सांगतात, लोकांना वाटतं तूच अॅडमिट आहेस. मी दुरुस्त करते, पण मला ते ऐकायला आवडतं.

त्या मुलाचा नंबर दादानं मिळवून दिलाय. चार दिवस झाले, बायबलमध्येच ठेवला आहे, स्तोत्रांतच. तीनदा आठ आकडे दाबले आणि ठेवून दिला.

खाडाखोड बरीच झाली आहे. फेअर करायला घेतलं होतं, पहिल्याच पानावर थांबले. चुका सापडतील, लाल पेन तुझ्याकडे असेलच.

रात्री जाग आली तर मिस्ड कॉल दे. मी जागीच असते. वचन नाही ऐकवणार, शेव संपली का एवढंच विचारीन.

नाताळला येतेस ना?

तुझी आई