चौथ्या मजल्यावरच्या ताई, ते पाकीट आम्ही परत केलं

ताई,

मेसेजवर थँक्यू म्हटलं की तुम्ही एक अंगठा पाठवून मोकळ्या होता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, रागावू नका.

न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समधल्या या बिल्डिंगमध्ये आम्हाला १९ वर्षं झाली. ती विकली गेली आणि पहिल्याच महिन्यात नव्या मालकाचा माणूस पाकीट घेऊन दारात, घर सोडा आणि पैसे घ्या. आमचे हे तर लगेच हिशोबालाच बसले. तुम्ही जिना चढता चढता थांबलात आणि एवढंच विचारलंत, 'हे पैसे संपल्यावर याच भागात दुसरं घर परवडेल का?' हे गप्पच झाले.

मला तर काहीच माहीत नव्हतं हो. बिल्डिंग १९७४ च्या आधीची आणि ६ किंवा जास्त घरं असतील तर घर बहुतेक रेंट स्टॅबिलाइज्ड, म्हणजे भाडेवाढीवर मर्यादा असलेलं, असतं, आणि भाड्याची सगळी हिस्ट्री राज्याच्या हाउसिंग ऑफिसकडून भाडेकरूला फुकट मिळते, हे तुम्ही लिफ्ट बंद होती त्या दिवशी जिन्यात उभं राहून, हातात सामानाच्या पिशव्या घेऊन सांगितलंत. हिस्ट्री आली, घर स्टॅबिलाइज्डच निघालं. म्हणजे मालकाला लीज रिन्यू करावंच लागतं आणि भाडं शहराच्या भाडं ठरवणाऱ्या बोर्डाने ठरवलेल्या टक्क्यांनीच वाढतं. तो माणूस मात्र महिनाभर 'मार्केट रेट, मार्केट रेट' करत होता!

मग हिवाळ्यात हीटर बंद. योगायोग म्हणायचा का? मला नाही वाटत. बाहेर ५५ फॅरेनहाइटच्या खाली गेलं की दिवसा घरात निदान ६८ हवंच, असा शहराचा नियम. तुम्ही फ्रिजवर थर्मामीटर चिकटवून दिलात आणि एक वही दिलीत. तारीख, वेळ, आकडा, ३११ ला, म्हणजे शहराच्या तक्रारीच्या नंबरला, फोन केला का. 'सकाळी ७, ५८' असं माझ्या मुलाच्या अक्षरात अजून आहे त्यात.

घर खाली करायची नोटीस आली तेव्हा 'कोर्ट' ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. कमी उत्पन्न असेल तर अशा केसमध्ये शहराकडून वकील मिळू शकतो, २०१७ चा कायदा आहे, हे पण तुम्हीच सांगितलंत, वर इथल्याच जमैका भागातल्या कोर्टात दिवसभर सोबत बसलात.

एक सल राहिलाय. खालचा शिंपी दुकान सोडून गेला. दुकानांच्या भाड्याला १९६३ पासून या शहरात काही लगामच नाही, त्यामुळे तुम्ही कितीही धावपळ केलीत तरी त्याच्यासाठी मागवायला कुठली हिस्ट्रीच नव्हती. काचेला आता आतून ब्राऊन पेपर लावलाय, येताजाता नजर जातेच.

ती वही दुसऱ्या मजल्यावरच्या इक्वेडोरच्या बाईंना द्यायची म्हणताय ना, देते. फक्त मुलाने लिहिलेल्या पानांचे फोटो काढून ठेवलेत मी.

तुमची,
दुसऱ्या जिन्याची शेजारीण