नीट न देता बायोलॉजी

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर बाबा म्हणाले, "नीट द्यायचीच नव्हती, तर बायोलॉजी घेतली कशाला?" स्पीकर चालू होता आणि आमची मुक्ता शेजारीच पोळी खात होती. काही बोलली नाही, पण ताटावरून उठली. म्हणून हे पत्र.

तिला डॉक्टर व्हायचं नाहीये, म्हणून मेडिकलची नीट परीक्षा नको, पण जीवशास्त्र सोडायचंही नाहीये. पहिली पसंती आयसरची, म्हणजे पुण्यात पाषाणला एनसीएल या रसायनांच्या प्रयोगशाळेशेजारी आहे ती विज्ञान संस्था. पाच वर्षांची बीएस-एमएस, म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर एकत्रच. सुरुवातीला भौतिक, रसायन, गणित सगळंच शिकायचं, मग आपला विषय धरायचा. प्रवेश परीक्षेत तीन तासांत 60 प्रश्न, त्यातले 15 गणिताचे. आणि बाईसाहेबांनी गणित अकरावीलाच सोडलेलं! त्यामुळे सगळी भिस्त उरलेल्या 45 वर. निकाल यायचाय.

तिथे नाही झालं तर? आधी मीच बायोटेकच्या मागे लागले होते. नावाला वजन वाटतं ना. एका खाजगी कॉलेजात जाऊन आलो. माहितीपत्रक गुळगुळीत, फी ऐकून घशाला कोरड. प्रयोगशाळेतल्या मायक्रोस्कोपांवर मात्र प्लॅस्टिकची कव्हरं, आणि कव्हरांवर धूळ. मुक्ताने बोटाने रेघ ओढून मला दाखवली.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात गेलो. भिंतींना पोपडे. पण तिथल्या मामांनी लोखंडी कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास आला, आणि जाड कागदावर शिवलेली एक वाळकी फांदी त्यांनी बाहेर काढली. कोपऱ्यात चिठ्ठी : झाडाचं नाव, गाव, तारीख, गोळा करणाऱ्याची सही. मुक्ता अर्धा तास तिथून हलेना. तेव्हा आयसर नाही तर साधी बीएस्सी, वनस्पतिशास्त्र घेऊन, हे जवळपास नक्की.

बाबा, नोकरीची तुमची काळजी खोटी नाही. नुसत्या बीएस्सीवर धड काही मिळत नाही, पुढे एमएस्सी, जमल्यास पीएचडी करावीच लागते. पण तोवर ती काही आपल्या पदराला बांधलेली नसेल. बोर्डात वरच्या 1 टक्क्यात आली तर सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 80,000. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर पीएचडी करताना सुरुवातीलाच महिना 37,000. मी पहिल्या नोकरीत किती आणायचे ते आठवा.

तर एक करा, तिच्यापुढे नीटचा विषय पुन्हा काढू नका. ती येत्या शनिवारी तिकडे येतेय. परसातला तेरडा आणि अघाडा दाबून वाळवायचाय म्हणते. आई, तोवर रद्दीवाल्याला पेपर देऊ नकोस, तिला गठ्ठाभर लागतील.

तुमची,
सुमा