पंपाच्या स्क्रूला हात शेवटी लावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या ट्रकचं ॲव्हरेज वाढवण्याच्या युक्त्या सांगणारा मजकूर आपल्या पुरवणीत वाचला. टायरमधली हवा, गाडीचा वेग, उभ्या गाडीचं इंजिन बंद ठेवणं, हे सगळं ठीकच आहे. पण ‘पंपाचा स्क्रू थोडा फिरवून डिझेल कमी करून घ्या’ या सल्ल्याशी येऊन मी थांबलो. इंजिनाला मोजून डिझेल देणारा पंप आणि त्या डिझेलचा सिलिंडरमध्ये फवारा मारणारा नोझल दुरुस्त करण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. असे स्क्रू फिरवलेले पंप माझ्या टेबलावर कायम येत असतात, म्हणून हे पत्र. मी बोलतोय ते जुन्या लाइन पंपाच्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी एका ओळीत वेगळा प्लंजर असलेल्या पंपाच्या इंजिनांबद्दल. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजिनांचा विषय वेगळा.

लाइन पंपावरचा तो स्क्रू एवढंच ठरवतो की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर जास्तीत जास्त किती डिझेल जावं. सपाट रस्त्यावर अर्ध्या ॲक्सिलरेटरवर चाललेल्या गाडीला त्याचा फरक पडत नाही. फरक पडतो चढावर. गाडी मरायला लागते, ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो, इंजिन जास्त फेऱ्यांवर ओरडत राहतं आणि वाचलेलं डिझेल तिथेच संपतं. पंप खरोखरच जास्त डिझेल देत असेल तर ते कमी करायलाच हवं, पण टेस्ट बेंचवर, प्रत्येक सिलिंडरचं डिझेल काचेच्या नळ्यांत मोजून, कंपनीच्या तक्त्याशी ताडून. गाडीखाली आडवं पडून पान्याने अंदाजे केलेल्या कामाला ट्यूनिंग म्हणत नाहीत.

काळा धूर दिसला की सगळे पंपाकडे बोट दाखवतात. काळा धूर म्हणजे आत गेलेल्या डिझेलला हवा पुरली नाही, इतकंच. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि डिझेल इंजिनात हवा-डिझेल मिसळायला क्षणभरच मिळतो, म्हणून प्रत्यक्षात हवा त्याहून बरीच जास्त द्यावी लागते. तेव्हा आधी एअर फिल्टर बघा. मग टर्बोपासून, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यापासून, इंजिनापर्यंतचा प्रत्येक होज, प्रत्येक क्लिप. टर्बोचा दाब भरलेला असताना सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं की गळती बुडबुड्यांनी आपोआप दिसते. काही टर्बो गाड्यांत पंपावर बूस्टची डबी असते, टर्बोच्या हवेचा दाब वाढला की ती डिझेल वाढवते. तिच्यातला पडदा फाटला की लोड आल्यावर पंप डिझेल वाढवतच नाही, गाडी ओढत नाही. मग कुणीतरी स्क्रू फिरवून डिझेल वाढवतो आणि टर्बोचा दाब भरायच्या आधीच गाडी काळा धूर ओकत धावते. दोष छोट्याशा पडद्याचा आणि शिक्षा पंपाला.

हवेनंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली बारीक फट. घट्ट झाले तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि व्हॉल्व्ह जळतो. ढिले झाले तर व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घेऊन बसायचं काम आहे, पण कंटाळवाणं म्हणून टाळलं जातं. कॉम्प्रेशनही याच वेळी मोजून घ्यावं. रिंगा आणि लायनर घासलेल्या इंजिनाला नोझल कितीही नवे घातले तरी पैसे पाण्यात.

मग टायमिंग, म्हणजे डिझेल नेमकं कधी फवारलं जातं ते. डिझेल उशिरा उडालं तर पिस्टन खाली निघाल्यावर जळतं, उष्णता सायलेन्सरमधून बाहेर जाते, ओढ कमी होते. म्हणून काही जण मुद्दाम टायमिंग पुढे घेतात. थोडा वेळ गाडी चपळ वाटते, पण इंजिन ठोकायला लागतं आणि पिस्टन, हेड गॅस्केट त्याची किंमत मोजतात. जुन्या पद्धतीत पहिल्या सिलिंडरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून वाकडी नळी बसवतात आणि फ्लायव्हील हळूहळू फिरवत नळीतून पडणारा डिझेलचा थेंब कुठे थांबतो ते बघतात, पंप डिझेल द्यायला तिथेच सुरुवात करतो. घाई करणाऱ्याचं हे काम नाही. मला मात्र त्यातच सगळ्यात मजा येते.

नोझल टेस्टरवर लावून त्याचा दाब आणि फवारा दोन्ही बघावेत. धुक्यासारखा बारीक फवारा हवा आणि शेवटी टोकाला थेंब लटकता कामा नये. नोझल बसवताना जुना तांब्याचा वॉशर तसाच ठेवून वर दुसरा चढवू नका. नोझल तेवढा वर राहतो, फवारा पिस्टनच्या खळग्यात नेमका पडत नाही आणि मग बिचाऱ्या पंपावर आळ येतो.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढून फेकण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. गाडी गरम होऊ नये म्हणून. थंड राहिलेलं इंजिन डिझेल जास्त पितं आणि लायनरही लवकर खातं. ज्या इंजिनात थर्मोस्टॅटच बायपासचा मार्ग बंद करतो, तिथे तो काढल्यावर गरम पाणी रेडिएटर टाळून परत फिरतं आणि उलट इंजिन तापतंच. ॲव्हरेज वाढतं म्हणून डिझेलच्या नळीवर लावायच्या चुंबकांबद्दल मी बोलतच नाही.

यातलं एकही काम न करता मालक ड्रायव्हरला चोर ठरवतात, हे मला सगळ्यात खटकतं. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून बघा, ब्रेक चिकटलेला असेल तर कळेल. परत टाकीकडे जाणारी डिझेलची नळी तपासा. मोठ्या मापाचे टायर टाकले असतील तर मीटर खरं अंतर दाखवत नाही, कमी दाखवतं. टाकी काठोकाठ भरा, त्याच रस्त्याने, तेवढ्याच वजनाने गाडी नेऊन पुन्हा काठोकाठ भरा आणि हिशेब करा. ट्यूनिंगच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. ट्यूनिंगने इंजिनाने गमावलेलं तेवढंच परत मिळतं, नवं असताना देत होतं त्याच्या पुढचं कुणी कबूल करत असेल तर त्याच्याकडे कॅलिब्रेशनचा, म्हणजे बेंचवर मोजलेल्या आकड्यांचा, कागद मागा.

पुढच्या पुरवणीत तो स्क्रूचा सल्ला मागे घेतला तर उपकार होतील.

आपला,
एक पंप-नोझल मिस्त्री