बाळा, बुधवारी जा

बाळा,

फोन करणार होते पण फोनवर मला रडू येईल आणि तू चिडशील, म्हणून टाइप करतेय. अक्षय्य तृतीयेला तू भरल्या ताटावरून उठलास, ते डोळ्यासमोरून हलत नाही. तू नको नको म्हणत असताना आमरसाची दुसरी वाटी मीच वाढली, वर सणासुदीला एवढ्याने काय होतंय म्हणाले. चुकलं माझं.

तुझी फाइल टीव्हीजवळच राहिली होती, ती मी वाचली. रागावू नकोस. तू "शुगर थोडी वाढलीये" म्हणाला होतास, आणि तिथे एचबीएवनसी ८.४ लिहिलंय. साडेसहाच्या पुढे डायबेटिस धरतात ना? आणि तो आकडा एका दिवसाचा नसतो, मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा असतो. म्हणजे तीन महिने तू माझ्यासमोर बसून जेवत होतास आणि मला कळलं नाही. पाय बघतोस ना रोज?

त्या डाएटिशियन मॅडमबद्दल मी जे बोलले तेही मागे घेते. पैसे देऊन जेवायला काय शिकायचं असं मला वाटायचं. पण त्यांनी तुला किती विचारलंय रे, शिफ्ट कधी सुटते, वाकडला पोचतोस कधी, रात्री दोनला भूक लागली की काय खातोस (वडापाव आणि दोन कटिंग, हे मला आत्ता कळतंय). आणि पोळी बंद नाही केली, चारच्या दोन केल्या, आधी कोशिंबीर, वाटीभर मटकीची उसळ, मग पोळी. आंबासुद्धा ठेवलाय, अर्धा, रस न काढता फोडी करून, आणि त्या जेवणाला एक पोळी कमी. हे सगळं आपल्याच घरातलं आहे. मी तुला कारल्याचा रस पाजून गोळ्या कमी कर सांगत होते, ते अजिबात ऐकू नकोस, गोळ्यांचं डॉक्टर बघतील.

नानांनाही शुगर होती, पण त्यांना असं कुणी विचारलंच नाही. भात बंद, गोड बंद, संपलं. सहा महिने पाळलं आणि मग देवघरातले पेढे चोरून खायला लागले. त्या दिवशी मंडईतून आले, दोन्ही हातात पिशव्या, जिना चढून वर आले, खुर्चीत बसले. मी मोजा काढायला वाकले तर तो तळव्याला चिकटलेला. काळा मोजा, त्यामुळे काही दिसत नव्हतं, ओढला तर हाताला ओलं लागलं. बुटातला खिळा वर आला होता. त्यावरून ते मंडईपासून घरापर्यंत चालत आले आणि शुगरने पाय बधिर झालेले, त्यांना काही टोचलंच नाही. मला म्हणाले, "काय झालं गं?" पुढे अंगठा काढावा लागला. तू दुसरीत होतास, त्यांचा हात धरून जिना उतरवायचास, एकेक पायरी मोजत. वाड्यात सगळे म्हणायचे पोरगा गुणाचा आहे. आहेसच.

म्हणून म्हणते, रात्री झोपताना पाय बघ, बोटांच्या बेचक्यात बघ, तळवा दिसत नसेल तर खाली आरसा धर, गच्चीवर अनवाणी जाऊ नकोस. आणि गोळी घेऊन जेवण टाळायचं नाही, कॉल चालू असला तरी. मॅडमनी लिहिलंयच, शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घे, १५ मिनिटांनी परत तपास. बॅगेत साखरेची पुडी ठेवलीस का? बघ, परत सुरू झाले मी. छत्तीस वर्षांचा आहेस, फ्लॅटचे हप्ते फेडतोयस, आमचंही सगळं बघतोस, तुला काय शिकवायचं. माफ कर.

पण ताई म्हणाली तू मॅडमकडचा बुधवारचा फॉलोअप कॅन्सल केलास. माझ्यावरच्या रागाने केला असशील तर तो राग इथे येऊन काढ, तिथे जा. चालत असेल तर मलाही ने. शनिवार-रविवार तू माझ्या हातचं जेवतोस, मग मलाही विचारायचंय त्यांना, साबुदाण्याच्या खिचडीऐवजी काय करू, गणपतीत तुला उकडीचे मोदक किती वाढू.

फाइल बाबांबरोबर पाठवतेय. निळ्या डब्यात रात्रीसाठी भाजलेले चणे-शेंगदाणे आहेत. मोज्यांचे चार जोड आहेत, पांढरेच घेतलेत, ऑफिसला बरे दिसत नाहीत म्हणशील, पण तेच घाल. काही लागलं तर लगेच दिसेल.

तुझी आई