सही करण्यापूर्वी: चि. मुक्तास पत्र

कोल्हापूर

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पुण्यातल्या नव्या सदनिकेच्या खरेदीसाठी तू पाठवलेला बिल्डरचा खर्चाचा तक्ता आणि बँकेचे मंजुरीपत्र मी सावकाश वाचले. यातले निम्मे शब्द कळत नाहीत आणि विचारायला संकोच वाटतो, असे तू लिहिले आहेस. बँकेच्या कर्ज विभागात असताना हा संकोच मी चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. ती व्याजदरासाठी पाव टक्क्यापर्यंत घासाघीस करीत, पण ज्या कागदावर सही करायची त्याने नेमका कोणता हक्क आपल्या पदरात पडतो, हे क्वचितच विचारीत. तू प्रत्येक कागदाला आधी तोच प्रश्न विचारावास, अशी माझी इच्छा आहे.

तक्त्याच्या पहिल्याच ओळीत 'सेलेबल ९१० चौरस फूट', म्हणजे सामाईक जागांचा वाटाही मिळवून फुगवलेले क्षेत्र, असे ठळक छापले आहे आणि खाली बारीक अक्षरांत कार्पेट ६५० आहे. २०१६ च्या रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियमनाच्या, कायद्यानुसार कार्पेट क्षेत्र म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा. आतल्या भिंती त्यात धरतात, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि खुली गच्ची धरत नाहीत. विक्रीचा हिशेब याच क्षेत्रावर व्हायला हवा. घराच्या किमतीला, म्हणजे ६२ लाख ५० हजारांना, ९१० ने भागलेस तर दर ६,८६८ रुपये दिसतो, ६५० ने भागलेस तर ९,६१५. शेजारच्या प्रकल्पाशी तुलना करताना दुसराच आकडा धर.

बुकिंगसाठी आठ लाख मागितले आहेत, ते देऊ नकोस. करारनामा नोंदवण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास रेरा कायद्याने मनाई आहे, म्हणजे तुझ्या बाबतीत मर्यादा सव्वासहा लाखांची आहे. टोकनची पावती म्हणजे करार नव्हे. दुय्यम निबंधकाकडे करारनामा नोंदवला गेला आणि इंडेक्स टू, म्हणजे त्या नोंदणीचा अधिकृत उतारा, हाती आला, की तुझे नाव सरकारी दप्तरी लागते. जुने घर घेणाऱ्यांनी आणखी एक भेद पाळायचा असतो: साठेखत हे विकण्याचे वचन असते, मालकी खरेदीखतानेच येते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात हे स्पष्ट लिहिलेले आहे, तरीही साठेखतावर वर्षानुवर्षे निर्धास्त राहणारी कुटुंबे आहेत.

करारनामा नोंदवण्याआधी वकिलाकडून सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल, घे. जमिनीच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात किंवा मालमत्ता पत्रकावर कोणाचा बोजा, म्हणजे कर्जाचा हक्क, आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. बिल्डरने प्रकल्पासाठी घेतलेले कर्ज तेथे किंवा महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर दिसेल. असे कर्ज असणे गैर नाही, पण त्या बँकेचे तुझ्या सदनिकेपुरते ना हरकत पत्र मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, येणारे मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. पुण्यात स्थानिक अधिभारांसह ते सात टक्के पडते, महिलेला एक टक्का सवलत आहे. मात्र करारात पुरुष सहखरेदीदार असला तर ती मिळत नाही. म्हणून घर एकटीच्या नावावर घेण्याचा तुझा विचार मला सर्वार्थाने पसंत आहे. शुल्क पावणेचार लाख आणि नोंदणी फी तीस हजार होईल. बांधकाम चालू असल्याने पाच टक्के जीएसटी वेगळा. शिवाय किंमत पन्नास लाखांवर असल्याने प्रत्येक हप्त्यातून एक टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरणे ही तुझी जबाबदारी आहे, बिल्डरची नाही.

आता कर्ज. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक रक्कम बँक देऊ शकत नाही आणि या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी फी धरली जात नाही. म्हणून पन्नास लाख बँकेचे, साडेबारा लाख तुझे आणि वरचा सगळा खर्चही तुझाच. तू मूळ करारनामा बँकेत ठेवलास की घर गहाण पडते. मालक तूच असतेस, पण कर्ज फिटेपर्यंत बँकेच्या संमतीवाचून ते विकता येत नाही. हप्ते ९० दिवसांहून जास्त थकले तर कर्ज बुडीतप्राय धरून सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याने ६० दिवसांची नोटीस निघते आणि नंतर न्यायालयात न जाताही बँक ताबा घेऊ शकते.

साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी तुझा हप्ता ४३,३९१ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ रुपये व्याजात जातील आणि मुद्दल ७,९७४ रुपयांनीच कमी होईल. पाच वर्षांत सव्वीस लाख भरूनही सुमारे चव्वेचाळीस लाख शिल्लक राहतील. हे पाहून लोक बँकेने फसवले असे समजत, पण ते उरलेल्या मुद्दलावरच्या व्याजाचे साधे गणित आहे. बांधकाम पूर्ण होईपर्यंत मात्र बँक टप्प्याटप्प्याने पैसे सोडते आणि फक्त त्यांवरचे व्याज घेते, त्याला प्री-ईएमआय म्हणतात. त्याने मुद्दल एका पैशानेही घटत नाही. ताबा लांबला तर हा खर्च आणि तुझे घरभाडे दोन्ही चालू राहतील, याची तजवीज ठेव.

मंजुरीपत्रातला 'फ्लोटिंग' शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुझा दर म्हणजे रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) अधिक बँकेचा स्प्रेड, म्हणजे तिने वर लावलेले टक्के, असा आहे आणि किमान तीन महिन्यांतून एकदा तो बदलू शकतो. उद्या दर नऊ टक्के झाला आणि हप्ता तोच राहिला, तर मुदत २४० महिन्यांवरून सुमारे २६७ महिन्यांवर जाते. खिशातून लगेच काही जात नसल्याने पुष्कळांना हे कळतही नाही. हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेने कर्जदाराला दिला आहे. तू लेखी कळवून हप्ता वाढवून घे. अशा कर्जाची मुदतीपूर्वी परतफेड केल्यास दंड लागत नाही, तेव्हा बोनस आला की थोडे मुद्दल फेडत जा, सुरुवातीच्या वर्षांत तर अवश्यच.

भोगवटा प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याच्या सरकारी दाखल्याशिवाय, ताबा घेऊ नकोस, किल्ली कितीही आग्रहाने पुढे केली तरी. पुढे सोसायटी झाल्यावर जमीन आणि इमारत तिच्या नावे होणे, म्हणजे कन्व्हेयन्स, बाकी असते. बिल्डरने टाळाटाळ केली तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून हे हस्तांतरण करून घेण्यासाठी, अर्ज करता येतो.

कर्ज फिटल्यावर बँकेने ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे असतात. तिच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई मिळते. म्हणून कागद जमा करताना प्रत्येक पानाची नोंद असलेली, शिक्क्याची पोच घे. करारनाम्याचा मसुदा मिळाला की ताब्याच्या तारखेचे कलम आधी मला पाठव.

तुझी,
आई