कृष्णधवल हा नंतर द्यायचा मुलामा नव्हे

माननीय संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत रस्त्यावरील छायाचित्रणाविषयी आलेल्या लेखात, रंगीत छायाचित्र मनासारखे उतरले नाही तर ते संगणकावर कृष्णधवल करून पाहावे, असा सल्ला नवोदितांना देण्यात आला आहे. लेख आस्थेने लिहिलेला आहे, परंतु हा एक सल्ला मला मान्य नाही. गेली काही वर्षे खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याने मी रस्त्यावर कृष्णधवल छायाचित्रे टिपत आहे आणि माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे.

रंग काढून घेतला की चित्राला पेलून धरायला फक्त प्रकाश उरतो. भडक लाल शर्ट घातलेला माणूस गडद हिरव्या दारासमोर उभा असेल, तर डोळ्यांना तो लगेच वेगळा दिसतो. पण करड्या छटांत ते लाल आणि ते हिरवे जवळपास सारखेच होऊ शकतात आणि माणूस दारात विरघळून जातो. १९३२ साली फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे टिपलेले, डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे छायाचित्र आठवून पाहावे. फिकट पाण्यावर काळी आकृती, खाली तिचे प्रतिबिंब आणि पाण्याला अजून न टेकलेली टाच, एवढ्यावर ते उभे आहे. रंगाच्या आधाराने रचलेले दृश्य नंतर करडे केल्याने त्यात अशी रचना येत नाही. एखादा उपरा भडक फलक सोडला तर बाकी सारे प्रकाशाने बांधलेले आहे, अशी मोजकी छायाचित्रे रंग काढल्यावर खरोखर सुधारतात, हे मात्र मान्य करायला हवे.

छोटा डिजिटल कॅमेरा इथे फार चांगला शिक्षक ठरतो. तो कृष्णधवल मोडवर ठेवून रॉ (सेन्सरने टिपलेली मूळ माहिती) आणि जेपेग (कॅमेऱ्याने तयार केलेले चित्र) अशा दोन्ही फाइल एकदमच नोंदवल्या, तर पडद्यावर समोरचा रस्ता करड्या छटांतच दिसतो आणि रॉ फाइलमध्ये रंगांची माहिती शाबूत राहते. त्यामुळे फिल्मच्या काळात भिंगावर पिवळा, नारिंगी किंवा लाल फिल्टर चढवून निळे आकाश जसे गडद करीत, तसे ते नंतर संगणकावर करता येते. मात्र शटर दाबण्याचा निर्णय करडे चित्र पाहूनच झालेला असतो, आणि माझ्या मते महत्त्व त्याचेच आहे. काही महिन्यांनी पडद्याकडे न पाहताही सावलीची कड आणि उन्हाचा पट्टा आधी दिसू लागतो. कपड्यांचे रंग मागे पडतात.

लहान कॅमेरा म्हणजे दुय्यम साधन, हा समजही सोडायला हवा. १९२५ मध्ये बाजारात आलेला लायका हा जर्मन कॅमेरा त्या काळी फारच लहान वाटत असे आणि रस्त्यावरील छायाचित्रणाची परंपरा मुख्यतः त्यानेच घडवली. आज रिको जीआरसारख्या कॅमेऱ्यात एपीएस-सी आकाराचा, म्हणजे अनेक मोठ्या कॅमेऱ्यांत असतो तेवढा, सेन्सर आणि १८.३ मिमीचे स्थिर (झूम न होणारे) भिंग असते. अ‍ॅपर्चर (भिंगातील प्रकाशाचे छिद्र) एफ/८ आणि फोकस २ मीटरवर कायम ठेवला, तर साधारण १ मीटरपासून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूपर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. कॅमेऱ्याने फोकस शोधण्याची वाट पाहावी लागत नाही. आपण योग्य अंतरावर जाऊन उभे राहायचे, एवढेच काम उरते. चालणाऱ्याचे पाऊल त्याच्या शरीरापेक्षा वेगाने हलते, म्हणून शटर मी सहसा १/५०० सेकंदावर ठेवतो. फिल्मवर वाढलेल्यांनी एक सवय मात्र मोडावी. निगेटिव्हमध्ये सावलीतला तपशील हरवण्याची भीती असे. डिजिटलमध्ये जळून पांढरा झालेला भाग परत मिळत नाही. म्हणून कडक उन्हात एक्स्पोजर (सेन्सरवर पडणारा प्रकाश) दोनतृतीयांश स्टॉपने कमी ठेवणे बरे; एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा. अंधारात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवल्यावर येणारे रंगीत ठिपके कृष्णधवलमध्ये दिसत नाहीत, जे उरतात ते फिल्मच्या कणांसारखे वाटतात, त्यामुळे संध्याकाळनंतरही हा कॅमेरा हात आखडत नाही.

दुःखाला वजन यावे म्हणून फुटपाथवर झोपलेल्या माणसाचे छायाचित्र नंतर काळे-पांढरे करणे, हे तर मला अतिशय खटकते. त्या माणसाला नकार देण्याची संधी मिळालेली नसते, आणि वर त्याचे हाल देखणे केले जातात. कॅमेरा लहान आहे म्हणून तो लपवून वापरावा, असे नाही. मी तो हातात, समोरच्याला दिसेल असाच धरतो आणि कोणी मान हलवून नको म्हटले तर टिपलेले छायाचित्र पुसून टाकतो.

एक विनंती आपल्यालाही करावीशी वाटते. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते, मधल्या करड्या छटा गडद होतात आणि सावल्या बुजतात. वाचकांची कृष्णधवल छायाचित्रे छापण्यापूर्वी या मधल्या छटा थोड्या उजळून घेतल्या, तर सावलीत उभ्या असलेल्या माणसाचा चेहराही वाचकांपर्यंत पोहोचेल.

आपला,
एक वाचक