‘अस्वस्थ वाटू लागले’ म्हणजे नेमके काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘अचानक अस्वस्थ वाटू लागल्याने रुग्णालयात दाखल केले’ हे वाक्य कोकणातल्या बातम्यांत सर्रास येते. विंचू चावलेला मुलगा, आंबा काढताना उन्हाने भोवळ आलेला मजूर, दम लागलेली आजी आणि उमेदवारी न मिळालेला नेता, सगळ्यांना हा एकच शब्द. जिवाला चैन न पडण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हांना मराठीत वेगवेगळे शब्द आहेत आणि गावातली माणसे ते नेमके वापरतात. ते बातमीतून गळले की कामाची माहितीही गळते.

‘तगमग’ घ्या. तगमग होते तेव्हा माणूस धड बसत नाही, धड पडून राहत नाही, अंगावरचे पांघरूण भिरकावतो. लाल विंचवाच्या दंशात हे लक्षण फार मोलाचे आहे. दंशाच्या जागी नुसती कळ असणे वेगळे. पण घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले आणि तगमग सुरू झाली, तर विषाचा परिणाम हृदयावर होऊ लागलेला असू शकतो. मग घरगुती उपायांत वेळ घालवणे जिवावर बेतते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाची धोक्याची लक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली आणि पुढे प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला. अशा बातमीत ‘मुलाची तगमग होत होती, पाय गार पडले होते’ एवढे छापले, तरी वाचणाऱ्या पुढच्या घराला काय पाहायचे ते कळेल.

मे महिन्यातल्या उकाड्यालाही हाच शब्द चपखल बसतो. हवा दमट असते, घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. म्हणूनच हवामान विभाग उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश धरतो, तर किनारपट्टीला ३७. ‘अंगाची काहिली’ कोरड्या, भाजून काढणाऱ्या उन्हाला शोभते. रत्नागिरीच्या उकाड्याला ती लावू नये असे मला ठामपणे वाटते.

‘तळमळणे’ हे बहुधा अंथरुणावरचे, कूस बदलत राहण्याचे. मात्र नाम करताना जपावे लागते. ‘रुग्ण तळमळत होता’ यात वेदना आहे, ‘कार्यकर्त्याची तळमळ’ यात आस्था आहे. त्यामुळे ‘डॉक्टरांची तळमळ’ असा मथळा दिला की अर्थ दुसराच होतो. ‘कासावीस’ जीव होतो तो तहानेने किंवा श्वास कोंडल्याने. ‘घालमेल’ मनाची, जावे की राहावे अशी. ‘चुळबूळ’ बसल्या जागची. नाराज नेत्याला खरे तर हाच शब्द पुरे.

आणखी एक प्रकार ‘अस्वस्थ’ किंवा ‘झोप येत नाही’ यांत दडून जातो. संध्याकाळनंतर निजले की पायात वळवळ सुरू होते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, उठून चालले की बरे वाटते. शरीरात लोह कमी असले किंवा बाई गरोदर असली की हा त्रास होऊ शकतो. डॉक्टरांकडे गेल्यावर ‘पाय वळवळतात, चालले की थांबते’ असे सांगितले तर त्यांचे लक्ष लोहाच्या तपासणीकडे जाईल. नुसते ‘झोप नाही’ म्हटले तर झोपेच्या गोळीकडे जाण्याचा संभव अधिक.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. नातेवाइकांना ‘काय झाले?’ एवढेच न विचारता माणूस बसला होता की लोळत होता, घाम गार होता की अंग तापले होते, बोलणे सुसंगत होते का आणि हे किती वाजता सुरू झाले, ते विचारावे. उन्हातल्या माणसाचे बोलणे बरळल्यासारखे झाले असेल तर तो उष्माघात असू शकतो, म्हणून ते बातमीत यायलाच हवे. आणि घरच्यांनी मालवणीत ‘जिवाक चैन नाय’ असे सांगितले असेल, तर ते अवतरणात तसेच छापावे, त्याचे ‘अस्वस्थता जाणवली’ करू नये.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी